कॅमेऱ्याचा मोबाईल

जाम गावच्या चौरस्त्यावर बंडूजींचं किराणा दुकान होतं, आणि त्या दुकानात मोबाईल एकच. त्याचंही पाचाचं बटण मेलेलं. ज्याच्या नंबरात पाच येतो आणि ज्याचं नाव आधीपासून साठवलेलं नाही, अशा माणसाशी बोलायचं तर बंडूजींच्या मुलाला, योगेंद्रला, गल्ला सोडून समोरच्या एसटीडीवर जावं लागे. अशा लोकांना घरात 'पाचवाले' असं नावच पडलं होतं. हिंगणघाटचा नवा डाळवाला पाचवाला निघाला, आणि दोन हजार आठच्या श्रावणात एकदाचं ठरलं, की नवा मोबाईल घ्यायचा.

कोणता घ्यायचा, हे मात्र आठ दिवस ठरेना.

"बोलाले अन् आयकाले पायजे, बस," बंडूजी भाकरी मोडता मोडता म्हणत. "अन् टॉर्च. लाईन गेली म्हंजे गिऱ्हाईकाले साखर दिली का मीठ, समजत नाई मले."

"बाबा, टॉर्चचा जमाना गेला. चायनावाला घेऊ. दोन सिम राह्यते. एक दुकानचं, एक घरचं. टीव्ही बी दिसते त्याच्यात."

"दुकानात टीव्ही पाह्यत बसशीन तर माल कोन तोलंन?"

"रिंग मोठी पायजे," योगेंद्रची आई कुंताबाई मधेच सांगत. "मागच्या खोलीत मले आयकूच येत नाई."

योगेंद्रची बायको रंजिता पोळ्या लाटत हे सगळं ऐकत होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कॅमेरा चांगला पाहिजे."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"कॅमेरा?" बंडूजी हसले. "कायले वं? फल्लीतेलाच्या पिप्याचा फोटो काढाचा हाय का?"

रंजिताने पुढची पोळी लाटायला घेतली. कारण सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता, आणि तो शब्द या घरात काढायचा नाही अशी कुंताबाईंची ताकीद होती. झटका म्हणायचं नाही, फिट तर नाहीच नाही. बोलायची वेळ आलीच तर 'त्याचं ते' म्हणायचं. नावाने हाक मारली की ते येतं, असं कुंताबाईंचं म्हणणं.

रंजिताच्या मुलाला, पीयूषला, 'ते' तीनदा आलं होतं. पोरगं अडीच वर्षांचं, गोल चेहऱ्याचं, दिवसभर दुकानात पायलीत हात घालून तांदूळ उडवणारं. पहिल्यांदा झालं तेव्हा रंजिता शाळेतून परतत चौरस्त्यापर्यंत आली होती. बी.एस्सी. झालेली म्हणून तिला गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये सकाळची नोकरी मिळाली होती. दुसऱ्यांदा ती न्हाणीत होती आणि तिसऱ्यांदा छतावर मिरच्या वाळत घालत होती. तिन्ही वेळा पीयूष आजीजवळ होता. तिन्ही वेळा रंजिता धावत आली तेव्हा तो निळा पडून आजीच्या मांडीवर आडवा, अंग लाकडासारखं, डोळे वर गेलेले, आणि कुंताबाई फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी धरून बसलेल्या. मग तो श्वास घेई, दोन-चार मिनिटं मलूल पडून राही, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तांदूळ उडवायला जाई. रंजिता मात्र दिवसभर त्याच्या मागेमागे फिरत राही.

तिसऱ्या वेळेनंतर तिने शाळा सोडली आणि एक वही केली. तारीख, वेळ, किती सेकंद, त्या दिवशी काय खाल्लं, अंग गरम होतं का. आषाढात सासूबाईंना बरोबर घेऊन ती सावंगीला मोठ्या दवाखान्यात गेली तेव्हा ती वही तिने डॉक्टर मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "सुरू होतं तेव्हा काय होतं?"

रंजिताने कुंताबाईंकडे पाहिलं.

"काई नाई," कुंताबाई म्हणाल्या. "खेळून राह्यला होता. खेळता खेळता पडला."

"तिन्ही वेळा?"

"हो बाई. तिन्ही टाइम."

मॅडमनी डोक्याला तारा लावून काढतात ती पट्टी, ईईजी, काढायला लावली. पट्टी साफ आली. पण तेवढ्यावरून फिट नाही असं म्हणता येत नाही, असंही त्यांनी सांगितलं. "कारण नसताना वारंवार होत असेल तर रोजचं औषध सुरू करावं लागेल. दोन-तीन वर्षं तरी. पोळ्यानंतर या, तेव्हा ठरवू. आणि मधे पुन्हा झालंच तर कुणालातरी मोबाईलवर व्हिडिओ काढता आला तर बघा. मला डोळ्यांनी दिसलं तर फार फरक पडेल. घरी कॅमेऱ्याचा मोबाईल आहे ना?"

"आहे," रंजिता म्हणाली. आयुष्यात डॉक्टरशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

बसमध्ये परतताना तिला ती दोन-तीन वर्षं दिसत राहिली. माहेरच्या गल्लीतल्या तानबाला लहानपणी असलं औषध होतं. शाळेत तो बाकावर डोकं ठेवून झोपलेला असायचा आणि पोरं त्याच्या कानात काडी घालायची. औषध लागत असेल तर देईन, तिने मनाशी म्हटलं, पण लागत नसताना नको रे देवा.

एवढं सगळं तिने योगेंद्रला सांगितलं होतं. त्याने ते उडवून लावलं. "त्या टायमाले लेकरू धरशीन का मोबाईल शोधत बसशीन?" त्याचंही काही चूक नव्हतं. आणि कुंताबाईंनी तर कानांवर हात ठेवले. "त्याच्या त्याचा फोटो? अवं, फोटोत धरून ठेवलं म्हंजे ते घरातच राह्यते!"

शेवटी दुकानाला सुट्टी असते त्या वारी योगेंद्र आणि रंजिता पीयूषला घेऊन हिंगणघाटला गेले. निघताना बंडूजींनी मोटरसायकलजवळ येऊन पुन्हा बजावलं, "टॉर्च पाह्यजो रे!"

गुलाबभाऊंचं मोबाईलचं दुकान म्हणजे काचेचं एक कपाट आणि त्यामागे खुद्द गुलाबभाऊ. त्यांनी योगेंद्रच्या हातात चायनावाला ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला. एका बटणावर गाणं सुरू झालं आणि मोबाईलच्या दोन्ही बाजूंनी लाल-हिरवे दिवे लागले. रस्त्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली. पीयूष टाळ्या वाजवू लागला.

"आईले मागच्या खोलीत काय, समुद्रपूरले गेली तरी आयकू येईन," योगेंद्र खूश होऊन म्हणाला.

"याच्यात व्हिडिओ निघतो?" रंजिताने विचारलं.

"निंगते ना वयनी! पाच मेगापिक्सेल. डब्ब्यावर लिवलं हाये, पाहा."

"डबा नाही, मोबाईल बघते. भाऊ, तुम्ही जरा हात हलवता का? बोटं अशी, भराभर. कापल्यासारखी."

गुलाबभाऊंनी योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्रने खांदे उडवले. गुलाबभाऊ काचेमागे उभे राहून थंडी वाजल्यासारखी बोटं हलवू लागले.

"सिनेमा काढता काय वयनी? मले हिरो घेजा."

"आता डोळे वर करा. तसेच ठेवा."

"अबे, हे काय करून राह्यली!" योगेंद्र पुटपुटला. समोरच्या पानठेल्यावरचे लोक आता सरळ इकडे बघत होते.

रंजिताने ते चित्रण लावून पाहिलं. गुलाबभाऊंची पाच बोटं मिळून एक ढगळ पंजा झाला होता. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. तिने मान हलवली. मग पर्समधून निळं बॉलपेन काढलं आणि स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी टोकापासून पेरापर्यंत रंगवायला लागली. सावकाश, एक जागा कोरी न ठेवता. ती करंगळी तिने मोबाईलपुढे धरली. पडद्यावर ती काळी दिसली. आणि शेजारचं बोट, जे रंगवलेलंच नव्हतं, तेही जवळपास काळंच.

"यात नाही समजणार," ती हळूच म्हणाली. "ओठ."

योगेंद्र त्या निळ्या करंगळीकडे पाहत राहिला. कडेवरच्या पीयूषने ती पकडायला हात पुढे केला तसं त्याने पोराला घट्ट धरलं. चायनावाल्याचे लाल-हिरवे दिवे अजून लागलेच होते. त्याने ते बंद केले.

"गुलाबभाऊ, रंग बरोबर येईन असा दाखवा. दोन सिम नाई राह्यली तरी चालंन."

नवे तसले मोबाईल त्यांच्या आवाक्याबाहेर होते. पण गुलाबभाऊंनी खालच्या खणातून कापडात गुंडाळलेला एक काढला. जाड, कडेला चरे पडलेला. "हा स्मार्टफोन. सावंगीच्या एका शिकाऊ डॉक्टरनं नवा घेतला अन् हा मले देऊन गेला. म्हंजे असा की कॉम्प्युटरच हाये छोटा. पन खरं सांगतो, बॅटरी थकली याची. रोज चार्ज करा लागंन. अन् टॉर्च नाई."

रंजिताने करंगळी पुढे धरली. पडद्यावर ती निळी दिसली. शाईचा थर जिथे पातळ होता तिथे फिकी निळी, जिथे दाट होता तिथे गर्द. गुलाबभाऊंनी न सांगता स्वतःहून बोटं कापवली. पाचही वेगळी मोजता आली.

"हाच," दोघं एकदमच म्हणाले.

घरी बंडूजींनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला. "जुना देऊन जुनाच आनला? अन् टॉर्च?"

"पाचाचं बटण चालते, बाबा," योगेंद्र म्हणाला, आणि आत निघून गेला.

पंधरा दिवस काही झालं नाही. रंजिता मोबाईल रोज सकाळी चार्ज करी आणि कमरेला खोचून फिरे. योगेंद्रला दुकानाच्या फोनसाठी तिच्यामागे फिरावं लागे, पण त्याने एकदाही कटकट केली नाही. काही होत नाही याचा तिला आनंद व्हायचा, आणि मॅडमना दाखवायला काही नाही याची काळजीही वाटायची. मग स्वतःचाच राग यायचा. आई असून आपण कशाची वाट पाहतोय?

पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात गावभरची पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन जमली. कोणी मावळा झालेलं, कोणी शेतकरी. पीयूषला बंडूजींनी धोतर आणि फेटा बांधला होता. वीतभर उंचीच्या, चाकं लावलेल्या बैलाची दोरी मुठीत धरून तो असा चालत होता, जणू खरोखरचं जनावर त्याच्या मागून येतंय. रंजिता चार पावलं उलटी चालत त्याचा व्हिडिओ काढत होती. त्या क्षणी तिच्या मनात सावंगी नव्हती, डॉक्टर नव्हते. फक्त तो फेटा होता, जो डोळ्यांवर घसरत होता.

तोरणाखाली सगळे नंदी ओळीत लावून पूजा करायची होती. कुंताबाईंनी वाकून पीयूषच्या हातातली दोरी सोडवली. "दे राजा, बैलाची पूजा कराची हाये." त्याने मूठ आवळली. त्यांनी एकेक बोट उघडून दोरी काढली आणि नंदी उचलला.

पीयूषने तोंड उघडलं. एक लांब किंकाळी फुटली, आणि मग आवाज थांबला. तोंड तसंच उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. रंजिताला पडद्यावर त्याचे ओठ दिसले. फिके. मग निळे. मग गर्द. गुडघे वळले आणि तो खाली आला. योगेंद्रने धावत जाऊन त्याला जमिनीवर टेकायच्या आत धरलं.

"रंजिता! धाव वं माय!" कुंताबाई ओरडल्या.

रंजिताचा उजवा पाय पुढे पडला. सगळं अंग तिकडे ओढ घेत होतं. तिने मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि जागच्या जागी उभी राहिली.

"अवं, लेकरू जाऊन राह्यलं अन् थे फोटो काढून राह्यली!" कोणीतरी बाई म्हणाली.

"बी.एस्सी. शिकेल हाये ना बाप्पा. शिकेल बायांचं असंच राह्यते."

"फेक तो डब्बा!" कुंताबाईंनी कमरेच्या पिशवीतला कांदा दाताने फोडला आणि पीयूषच्या नाकाशी नेला. त्याचं अंग ताठ झालं, हात एक-दोनदा उडाले. रंजिता मनात आकडे मोजत होती. एकवीस. बावीस. ओठ निळे आहेत, दिसतायत, दिसतायत ना? अठ्ठावीस. मग घशातून घर्र झालं, छाती वर आली, आणि त्याने श्वास घेतला.

आणखी तीन आकडे मोजून तिने मोबाईल पदरात टाकला आणि मग जी धावली ती गुडघ्यांवरच आदळली.

त्या दिवसापासून कुंताबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढलं की घेत, विचारलं की मान हलवत. पण सावंगीला जायच्या दिवशी सकाळीच लुगडं नेसून ओट्यावर बसल्या. "मीबी येईन," एवढंच म्हणाल्या.

तो व्हिडिओ रंजिताने पुन्हा उघडला नव्हता. धीरच झाला नाही. मॅडमच्या टेबलावर मोबाईल ठेवून ती भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत राहिली. तान्ह्या पोळ्याचा गलका खोलीत घुमला, किंकाळी आली, आणि मग बायांचे आवाज. मॅडमनी तो एकदा पाहिला. मग मागे नेऊन फक्त पहिलं अर्धं मिनिट पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा.

"हा आधी रडला," त्या म्हणाल्या.

"हो, म्हणजे झटका येणार म्हणून रडला ना?"

"उलट बघा. वस्तू काढून घेतली, राग आला, रडला. रडताना सगळा श्वास बाहेर सोडला आणि परत घेतलाच नाही. म्हणून निळा पडला. याआधीही रडण्यानंतरच झालं होतं का? हे मला नक्की कळायला हवं."

"नाही, मॅडम. तिन्ही वेळा खेळता खेळता," रंजिता वही उघडत म्हणाली. "मी लिहिलंय ना…"

"रडत होता."

कुंताबाई खाली फरशीकडे पाहत बोलल्या होत्या.

"पयल्यांदा दुकानातलं वजन घेतलं म्या त्याच्या हातातून, पायावर पडंन म्हनून. रडला. मंग थे झालं. दुसऱ्यांदा विळी घेतली. तिसऱ्यांदा… तिसऱ्यांदा एक धपाटा मारला होता, बाई. तांदूळ सांडोले त्यानं. हलकाच मारला होता." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "म्या सांगतलं नाई. सून म्हनंन, बुढीनं रडोलं अन् पोराले रोग लागला. मलेही तसंच वाटे. मीच लावला म्हनून."

रंजिताला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. वहीत तीनही ठिकाणी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: खेळत असताना, अचानक. चार महिने तिने त्या ओळी वाचून रात्री-दिवस काळजी केली होती. पण समोर बसलेली बाई तेच चार महिने, तिच्याच शेजारी, एकटी काय काय वागवत होती हेही तिला आत्ताच दिसत होतं.

"आजी, तुम्ही काही लावलं नाही," मॅडम म्हणाल्या. "बऱ्याच पोरांना होतं हे. ही फिट नाही. श्वास रोखला जातो, आणि तो आपोआप परत येतो."

"आपोआप?" कुंताबाईंनी मान वर केली. "पन म्या कांदा…"

"कांदा भाजीत घाला. कांदा नसता तरी श्वास आलाच असता."

"अन् औषध?" रंजिताने विचारलं. आवाज तिचाच, पण लांबून आल्यासारखा.

"रोजचं फिटचं औषध नको. रक्त तपासू, कमी असेल तर लोहाचं सिरप देऊ. हृदयाची एक पट्टी काढू, खात्रीसाठी. मोठा होईल तसं हे थांबतं. तोवर झालं तर कुशीवर झोपवा, गर्दी करू नका, तोंडात काही घालू नका. मिनिटाहून जास्त लांबलं, किंवा न रडता झालं, तर लगेच आणा. आणि हो," त्या मोबाईल परत देत म्हणाल्या, "तो रडेल म्हणून मागेल ते देत बसू नका. रडू द्या."

हृदयाची पट्टी चांगली आली. रक्त कमी निघालं. सिरपची बाटली पिशवीत टाकून दोघी बस थांब्यावर आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. थांब्यावर पेरूवाला बसला होता आणि त्याच्या टोपलीजवळ सोलायची सुरी पडली होती. पीयूषने ती उचलली. रंजिताने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

त्याने तोंड उघडलं. किंकाळी आली आणि थांबली.

कुंताबाईंचा हात सुरीकडे गेला, परत द्यायला. मग तो हात मधेच अडला. रंजिताने पीयूषला बाकावर कुशीवर निजवलं आणि एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. ओठ फिके झाले, निळसर झाले. पेरूवाला उठून उभा राहिला. "काय झालं, काय झालं?" म्हणत दोन बाया जवळ आल्या.

"काई नाई झालं," कुंताबाई आडव्या उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फाटत होता, तरी त्या हलल्या नाहीत. "सरका बाप्पा जरा. हवा येऊ द्या लेकराले."

रंजिताच्या तळहाताखाली ती चिमुकली पाठ थांबलेली होती. सात, आठ, नऊ. तिचा स्वतःचाही श्वास थांबला होता हे तिला कळलं नाही. मग पाठ वर उचलली गेली, आणि सगळा थांबा दणाणेल असा गळा पीयूषने काढला.

"रड," कुंताबाई त्याच्या पायांशी बसत म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "रड रे राजा, पोटभर रड."